मोडी वाचणाऱ्यांसाठी प्रतिमादर्शक : एका डेस्कटॉप प्रोग्रामच्या दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

संस्था तालुक्याच्या गावची, छोटी. गाव, घराणं आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथे मुद्दाम गाळले आहेत. तिच्याकडे एका जुन्या घराण्याचे मोडी कागद आहेत. रुमालांत बांधलेले हिशेब, पत्रं, वाटणीचे कागद. एका देणगीदाराच्या पैशातून या सगळ्याचं ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० बिंदू) स्कॅनिंग झालं आणि मूळ रुमाल पुन्हा कपाटात गेले. आता निवृत्त शिक्षक, एक माजी तलाठी आणि दोन विद्यार्थिनी रोज दुपारी बसून हे स्कॅन वाचतात आणि मजकूर बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवतात.

त्यासाठी एक प्रोग्राम होता. एका जुन्या विद्यार्थ्याने पायथनमध्ये, टीकिंटर हे खिडक्या बनवायचं साधन वापरून लिहिलेला. डावीकडे कागदाचं चित्र, उजवीकडे टंकायची चौकट, खाली रुमाल क्रमांक, तारीख, शोध. विद्यार्थी नोकरीला लागला आणि प्रोग्राम आमच्या दोघांकडे, माझ्याकडे आणि माझ्या सहकाऱ्याकडे, आला. उजवी बाजू चांगली चालत होती. शोध झकास होता. रडगाणं सगळं डाव्या बाजूचं.

मोडी पाहिली नसेल तर एक गोष्ट आधी सांगायला हवी. लिहिणारा आधी पानभर आडव्या शिरोरेषा ओढून घेतो आणि मग बोरू न उचलता अक्षरं त्यांना लटकवत जातो. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, पूर्णविराम नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. देवनागरी छापील पानात नजर हलली तर आपण शब्दांमधल्या फटी धरून परत जागेवर येतो. इथे ती सोय नाही. ओळीतली जागा सुटली की दोन-तीन शब्द मागे जाऊन पुन्हा फोडत यावं लागतं. या प्रकरणातले जवळजवळ सगळे निर्णय शेवटी इथेच येऊन टेकले, फक्त आम्हाला ते सुरुवातीला दिसत नव्हतं. आम्हाला दिसत होती मेमरी.

अडचण

तक्रारी त्यांच्याच शब्दांत अशा होत्या. "मोठं केलं की मशीन बसतं." "मोठं करताना ओळ पळते." आणि "काल लावलेल्या पिवळ्या खुणा आज भलत्याच ओळीवर."

पहिल्या तक्रारीचं कारण कोड उघडल्यावर लगेच सापडलं. टीकिंटरच्या कॅनव्हासला, म्हणजे चित्र काढायच्या जागेला, मोठं-लहान करण्याची आज्ञा आहे, पण ती रेघा आणि चौकोनांचे बिंदू हलवते. चित्राला हात लावत नाही. म्हणून मूळ लेखकाने पिलो ही चित्रं हाताळणारी लायब्ररी घेऊन, माउसच्या चाकाच्या प्रत्येक खाचेला पूर्ण चित्र नव्या आकारात बनवायचं आणि कॅनव्हासवर टाकायचं, असं केलं होतं. बहुतेक शिकवण्यांत हेच दाखवतात आणि मोबाईलच्या फोटोवर ते चालूनही जातं.

आता हिशेब बघा. ए-३ आकाराचा कागद ६०० डीपीआयवर ७०१६ गुणिले ९९२१ पिक्सेल, म्हणजे जवळजवळ ७ कोटी. पिलो रंगीत चित्राच्या प्रत्येक पिक्सेलला आत ४ बाइट देते. म्हणजे एक कागद नुसता उघडला की सुमारे २७८ एमबी. वाचणाऱ्याने तो २०० टक्क्यांवर नेला की लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, मेमरी चौपट: १.१ जीबी. वर टीकिंटरची स्वतःची प्रत वेगळी. आणि या सगळ्यातून खिडकीत दिसतात १२०० गुणिले ८०० पिक्सेल. २७.८ कोटी पिक्सेल बनवायचे आणि साडेनऊ लाख दाखवायचे. संस्थेची मशीन देणगीत आलेली, ४ जीबीची. दोनांवर विंडोज ७, त्यातल्या एकावर ३२ बिटचं पायथन, म्हणजे एका प्रोग्रामला सरसकट २ जीबीची हद्द. मशीन बसणारच.

दुसऱ्या तक्रारीची दोन कारणं होती. झूम चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्याला धरून होत होता. पानाच्या मध्यावरची ओळ वाचताना मोठं केलं की ती ओळ खाली उजवीकडे पळून खिडकीबाहेर. दुसरं कारण गमतीचं: मोठं करताना १.१ ने गुणलं होतं आणि लहान करताना ०.९ ने. एक पुढे एक मागे केलं की आपण ०.९९ वर येतो. दहा खाचा पुढे आणि दहा मागे, की चित्र मूळच्या ९०.४ टक्क्यांवर. वाचणारे म्हणत, "आपोआप लहान होतं." खरंच होत होतं.

खुणांचं प्रकरण या दोन्हींपेक्षा वाईट, कारण तिथे विदाच बिघडत होती. शंकास्पद शब्दाभोवती वाचणारा पिवळी चौकट ओढायचा आणि प्रोग्राम त्या चौकटीचे पडद्यावरचे आकडे जपून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी झूम वेगळा असला की चौकट दुसऱ्याच ओळीवर.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय संस्थेच्या कार्यवाहांनीच सुचवला: स्कॅन लहान करा. २०० डीपीआयचं जेपीईजी केलं की प्रश्न मिटला. अर्ध्या दिवसाचं काम. आम्ही एक कागद तसा करून काकांसमोर ठेवला. काका म्हणजे माजी तलाठी, तिथले सगळ्यात मुरलेले वाचक. त्यांनी एका अक्षरावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा अनुस्वार आहे की कसर लागलेली?" मूळ स्कॅनमध्ये भोकाची कड दिसत होती, लहान केलेल्यात नुसता काळा ठिपका. पर्याय तिथेच संपला.

दुसरा, ब्राउझर. मोठी चित्रं तुकड्यांत दाखवण्याचं काम वेबवर कधीच सुटलेलं आहे; ओपनसीड्रॅगनसारखी तयार, मुक्त लायब्ररी आहे आणि जगभरची संग्रहालयं अशाच पद्धतीने चित्रं दाखवतात. नव्याने सुरुवात असती तर आम्ही बहुधा हेच घेतलं असतं. पण उजवी बाजू, म्हणजे टंकन, शोध, नोंदी, सगळी नव्याने लिहावी लागली असती. गावात इंटरनेटचा भरवसा नव्हता, पण ते खरं कारण नव्हे. ब्राउझर स्थानिक मशीनवरूनही चालतो. खरं कारण असं, की वाचणाऱ्यांना उजवी बाजू हातात बसलेली होती आणि सत्तरीच्या माणसाला दोन्ही हात एकदम बदलायला सांगणं आम्हाला पटेना.

तिसऱ्या पर्यायावर, म्हणजे टीकिंटरच्या जागी क्यूटी ही खिडक्या बनवायची दुसरी लायब्ररी घेण्यावर, आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाला. माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं, "क्यूटीतला तयार दर्शक, क्यूग्राफिक्सव्ह्यू, घे, ओढून सरकवणं एका ओळीत, कर्सरखाली झूम दुसऱ्या ओळीत, घरी जाऊ." ते खरंच आहे. ओढण्याची रीत आणि झूमचा आधारबिंदू, दोन्ही नुसत्या सेटिंग आहेत. पण तीन गोष्टी आड आल्या. क्यूटी ६ ला विंडोज १० लागतं, म्हणजे दोन मशीन बाद. मग क्यूटी ५ वर राहायचं. दुसरं, क्यूटी ६ घेतलं तरी ते चित्र उघडताना मेमरीची मर्यादा पाळतं, सुरुवातीच्या आवृत्त्यांत १२८ एमबी, पुढे २५६. आमचा ए-३ कागद दोन्हींत बसत नाही. ती मर्यादा उठवता येते, पण मग पूर्ण चित्र मेमरीत हा मूळ रोग तसाच. आणि तिसरं, जे करून पाहिल्यावरच कळलं: मोठं चित्र खूप लहान करून दाखवलं की क्यूटीचं गुळगुळीत रेखाटन शेजारच्या मोजक्याच पिक्सेलांची सरासरी घेतं. अर्ध्यापेक्षा खाली गेलं की बोरूच्या बारीक रेघा तुटक दिसतात आणि सरकवताना चमचमतात. पूर्ण पान एका नजरेत पाहून 'हा हिशेब की पत्र' हे ओळखणं हे वाचणाऱ्यांचं पहिलं काम. तेच बिघडत होतं.

उरला चौथा: टीकिंटर तसंच ठेवायचं, डावी बाजू मुळापासून लिहायची, आणि खिडकीत दिसतं तेवढंच रेखाटायचं. काम जास्त, पण बदल फक्त दुखऱ्या जागी. तो घेतला.

काय केलं

पाया तीन आकड्यांचा. स्केल, म्हणजे चित्र किती पट; आणि आडवा सरक, उभा सरक, म्हणजे चित्राचा डावा वरचा कोपरा पडद्यावर कुठे. चित्रातला बिंदू पडद्यावर कुठे पडतो हे सांगणारं एक फंक्शन, आणि त्याचं उलटं दुसरं. नियम केला की या दोन फंक्शनांबाहेर कुणीही, कुठेही पडद्याच्या आकड्यांवर गणित करायचं नाही.

कर्सरखालचा बिंदू स्थिर ठेवून झूम करणं याचा बाऊ केला जातो, पण ते एवढंच आहे:

नवा सरक = कर्सर − (कर्सर − जुना सरक) × (नवं स्केल ÷ जुनं स्केल)

आकडे घालून पाहू. कर्सर पडद्यावर ८००, ५०० ला. सरक −१२००, −३००. स्केल ०.५. म्हणजे कर्सरखाली चित्रातला ४०००, १६०० हा बिंदू आहे. स्केल ०.६ केलं. आडवा सरक ८०० − २००० × १.२ = −१६००. उभा ५०० − ८०० × १.२ = −४६०. आता ४००० ला ०.६ ने गुणून १६०० वजा करा, ८००. बिंदू जागचा हलला नाही. फक्त हे तिन्ही आकडे अपूर्णांकात ठेवायचे आणि पूर्णांक करायचा तो अगदी रेखाटताना. प्रत्येक झूमला पूर्णांक केला तर पाव-अर्धा पिक्सेल साचत जातो आणि वीस-तीस खाचांनंतर ओळ पुन्हा पळायला लागते.

चाकाच्या खाचेला विंडोजवर १२० हा आकडा येतो. जोरात फिरवलं तर प्रोग्रामला येणाऱ्या एकाच निरोपात, म्हणजे एकाच घटनेत, २४० किंवा ३६० सुद्धा. म्हणून 'घटना आली की एक पायरी' असं न करता, आलेल्या आकड्याला १२० ने भागून १.१५ चा तेवढा घात घेतला. पाच खाचांत चित्र दुप्पट होतं आणि पाच खाचा मागे फिरवलं की जिथे होतं तिथेच येतं. आपोआप लहान होणं बंद.

मग मेमरी. प्रत्येक स्कॅनच्या उतरत्या प्रती आधीच करून ठेवायच्या: ७०१६ रुंदीची मूळ, मग ३५०८, १७५४, ८७७. प्रत्येक पायरीला पिक्सेल चौथाई होतात, त्यामुळे सगळ्या लहान प्रती मिळून मूळच्या फक्त एकतृतीयांश जागा घेतात. प्रत्येक प्रत ५१२ पिक्सेलच्या चौकोनी तुकड्यांत कापून ठेवलेली. मूळ ए-३ चे १४ गुणिले २०, म्हणजे २८० तुकडे. वाचणारा ज्या स्केलवर आहे त्याच्या लगेच वरची प्रत घ्यायची आणि तिच्यातले फक्त खिडकीखाली येणारे तुकडे उघडायचे. वाईटात वाईट स्थितीत, स्केल अर्ध्याच्या जरा वर असताना, १२०० गुणिले ८०० च्या खिडकीला ३० तुकडे लागतात. एक तुकडा मेमरीत १ एमबी. शेवटचे १२० तुकडे हाताशी ठेवले तरी १२० एमबीत काम भागतं, कागद ए-३ असो की त्याहून मोठा. रात्री मशीन चालू ठेवून सगळ्या संग्रहाचे तुकडे पाडून घेतले.

इथे एक निर्णय छोटा वाटला पण फार उपयोगी पडला. सुरुवातीला प्रत्येक तुकडा वेगळा लहान-मोठा करून शेजारी शेजारी मांडत होतो. तुकड्यांच्या सांध्यावर केसाएवढी रेघ दिसायला लागली, कारण काठावरच्या पिक्सेलांना पलीकडचा शेजारी माहीत नसतो आणि पूर्णांक करताना एखाद्या पिक्सेलची फट पडते. छापील फोटोत ती कुणाच्या लक्षातही आली नसती. मोडीत आडवी रेघ म्हणजे शिरोरेषा! म्हणून लागणारे तुकडे आधी एका चित्रात डकवायचे आणि मग त्या जोडचित्राचा हवा तो भाग एकदाच नव्या आकारात काढायचा, असं केलं. पिलोच्या आकार बदलणाऱ्या फंक्शनला अपूर्णांकातली चौकट देता येते, त्यामुळे सरकवतानाचा थरथराटही गेला.

बाकीचं नेहमीचं. चाक फिरत असताना स्वस्त रेखाटन, हात थांबून दीडशे मिलिसेकंद झाले की बारकाईचं. तुकडे उघडायचं काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्यावर, पण टीकिंटरला हात लावायचा तो मुख्य थ्रेडनेच, मध्ये रांग. कॅनव्हासवरच्या चित्राचा संदर्भ पायथनच्या एखाद्या चलात धरून ठेवायचा, नाहीतर कॅनव्हास कोरा. टीकिंटरवर काम केलेल्या प्रत्येकाला हे एकदा भोवलेलं असतं.

खुणा आता मूळ चित्राच्या पिक्सेलांत साठवल्या जातात. जुन्या खुणांपैकी ज्यांच्यासोबत त्या वेळचा झूम नोंदलेला होता त्या परत जागेवर आणता आल्या. बाकीच्या वाचणाऱ्यांनी पुन्हा ओढल्या. तिथे सॉफ्टवेअरला करण्यासारखं काही नव्हतं.

चाक कशासाठी?

हे सगळं बसवून दिलं. झूम लोण्यासारखा, मेमरी आटोक्यात, मशीन बसत नव्हतं. दोन्ही विद्यार्थिनी खूश. काका गप्प. विचारल्यावर म्हणाले, "चांगलं केलंय रे. पण चाक फिरवलं की कागद खाली सरकायला पाहिजे, हा मोठा कशाला होतो?"

आमचा पहिला प्रतिसाद असा, की संगणकावरच्या नकाशांत असंच असतं, सवय होईल. ताईंनी, म्हणजे दोघींतल्या मोठीने, उलट बाजू धरली: चाकाने झूमच हवा, ओढून सरकवता येतंच की. वाद बैठकीत मिटेना, म्हणून आम्ही दोन दुपारी नुसते मागे बसून पाहत राहिलो. जे दिसलं त्याने आमच्या कामाचा अर्धा डोलारा बाजूला पडला. वाचणारा नवा कागद उघडला की एकदा झूम ठरवतो. अक्षर डोळ्याला पटेल इतकं मोठं. त्यानंतर तो कागद संपेपर्यंत झूमला हातही लावत नाही. सरकवणं मात्र अखंड: ओळीच्या शेवटाकडे उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे आणि एक ओळ खाली. ही जी परत येण्याची हालचाल आहे तीत ओळ सुटते. आम्ही सगळी बुद्धी झूमवर खर्च केली होती आणि माणूस दिवसभर करत होता ते सरकवणं तसंच गावठी राहिलं होतं.

निर्णय असा झाला: नुसतं चाक म्हणजे खाली-वर. शिफ्ट धरून चाक म्हणजे आडवं. कंट्रोल धरून चाक म्हणजे झूम, वर्डमध्ये असतं तसं. नकाशासारखी रीत हवी असेल त्याला सेटिंगमध्ये एक खूण. ताईंनी ती लावली आणि काही दिवसांनी स्वतःच काढली.

त्याहून मोठा बदल एका कळीचा. एफ-२ दाबली की चित्र कागदाच्या डाव्या समासाशी परत जातं आणि एक ओळ खाली उतरतं, टंकलेखन यंत्राचा दांडा ओढावा तसं. एक ओळ म्हणजे किती हे प्रोग्रामला ओळखायला लावायचा मोह झाला होता. शिरोरेषा सरळ, आडव्या, गडद, त्यामुळे ते जमण्यासारखंही होतं. पण हिशेबाच्या कागदांत ओळी असमान असतात आणि अंदाज चुकला तर वाचणारा पुन्हा जागा शोधत बसणार. म्हणून सरळ मार्ग घेतला: वाचणाऱ्याने कागद उघडल्यावर दोन सलग शिरोरेषांवर एकेक टिचकी मारायची, तेवढंच अंतर. काकांना हे यंत्राने ओळखण्यापेक्षा जास्त भरवशाचं वाटलं, आणि माझं मतही तेच आहे.

आणखी एक गोष्ट त्याच दुपारी कळली. शेवटच्या चार ओळी वाचताना काका मान मागे टाकून हनुवटी वर करत होते. चष्मा बायफोकल. आमचा दर्शक, म्हणजे प्रोग्रामचा चित्र दाखवणारा भाग, चित्राची कड खिडकीच्या कडेशी आली की पुढे सरकू देत नव्हता, सगळे दर्शक असंच करतात. त्यामुळे तळाच्या ओळी कायम पडद्याच्या तळाशीच वाचाव्या लागत, आणि भिंगाचा वाचायचा भाग तिथे नेमका पोहोचत नव्हता. मर्यादा सैल केली: कागदाची कोणतीही कड खिडकीच्या मध्यापर्यंत आणता येते. गंमत म्हणजे याच बदलाने झूमचाही एक उरलेला हिसका गेला. लहान करताना कडेची मर्यादा मध्ये येऊन कर्सरखालचा बिंदू ढकलत होती. क्यूटीच्या तयार दर्शकातही हेच होतं. दृश्य खिडकीपेक्षा लहान झालं की सरकपट्टीला वावच उरत नाही आणि कर्सरखालचा झूम नुसता नावाला राहतो. तिथे दृश्याचा चौकोन मुद्दाम मोठा करून ठेवतात, तो याच कारणाने.

पुढचा कागद उघडला की 'पूर्ण पान दिसेल असा' झूम करायची जुनी सवयही काढून टाकली. एकाच रुमालातले कागद बहुधा एकाच हातचे असतात, अक्षराचा आकार तोच. म्हणून झूम मागचाच राहतो आणि चित्र पहिल्या ओळीच्या सुरुवातीशी उघडतं.

लांब कागदांचं काय

काही कागद एकाखाली एक चिकटवून केलेले, वीतभर रुंद आणि पसरले तर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारे. त्यांचे स्कॅन पाच-सहा भागांत झाले होते आणि स्कॅन करणाऱ्यांनी ते नंतर संगणकावर जोडून एकेक अजस्र टिफ (चित्राच्या फाइलीचा एक प्रकार) बनवून दिलं होतं. आमची तुकडे पाडणारी स्क्रिप्ट तिथे अडली. पिलो ८,९४,७८,४८५ पिक्सेलांच्या पुढे इशारा देते आणि दुपटीच्या पुढे चित्र उघडायलाच नकार देते; घातक फाइलींपासूनचं ते संरक्षण आहे. स्कॅन आपलेच असल्याने मर्यादा उठवायला हरकत नव्हती. पण ५००० गुणिले ६०,००० चा कागद म्हणजे १.२ जीबी, आणि याहून लांब कागदाची जेपीईजी प्रत काढायची तर त्या प्रकाराला एका बाजूला ६५,५३५ पिक्सेलांच्या पुढे जाताच येत नाही.

माझा सहकारी व्हिप्स नावाच्या साधनाकडे वळला. ते चित्र पूर्ण मेमरीत न घेता पट्ट्यापट्ट्यांनी वाचतं आणि उतरत्या प्रतींच्या तुकड्यांचा असा मनोरा एका आज्ञेत बांधून देतं. चांगलं साधन आहे. मी दुसरा प्रश्न विचारला: जोडायचंच कशाला? भाग वेगवेगळेच ठेवले आणि दर्शकाला सांगितलं की हा दस्तऐवज म्हणजे सहा चित्रं, प्रत्येकाची जागा मागच्याच्या खाली, तर तीच तीन आकड्यांची पद्धत चालते. शिवाय स्कॅनवाल्यांनी जोडताना दोन ठिकाणी एक ओळ गिळली होती, ती मूळ भागांत शाबूत होती. हे एकच कारण पुरेसं होतं. भाग आडवे थोडे सरकलेले असतात, म्हणून प्रत्येकाला स्वतःचा आडवा सरक दिला; वाचणारा बाणाच्या कळीने तो जुळवून घेतो आणि तो जपला जातो. या कागदांसाठी 'पूर्ण पान' ही आज्ञा निरुपयोगी, कागद सुतळीसारखा दिसतो. तिथे 'रुंदीत बसव' हीच सुरुवात.

परिणाम

प्रोग्राम चारही मशीनवर चालतो, ३२ बिटवालं धरून. मशीन बसल्याची तक्रार नंतर आलेली नाही. खुणा जागेवर राहतात. काका आता एफ-२ वर डावं बोट ठेवूनच बसतात. कागद उतरवण्याचा वेग वाढला असं ते म्हणतात, आम्ही मोजलेला नाही. विद्यार्थिनींनी न सांगता एक उपयोग शोधला: दोन वेगवेगळ्या कागदांतलं एकच संशयित अक्षर शेजारी ठेवून पाहायला त्या प्रोग्राम दोनदा उघडतात. मेमरी हलकी झाल्यामुळे ते जमतं.

किंमतही मोजावी लागली. नवे स्कॅन आले की ते लगेच उघडता येत नाहीत. आधी तुकडे पाडावे लागतात. घाईच्या वेळी कार्यवाह यावर वैतागतात, आणि त्यांचं चूक नाही. तुकड्यांच्या हजारो बारीक फाइलींमुळे बॅकअप घ्यायला पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

वेगळं काय करता आलं असतं

त्या दोन दुपारी मागे बसून पाहणं पहिल्या आठवड्यात व्हायला हवं होतं. तेव्हा काम उलट्या क्रमाने झालं असतं: आधी सरकवणं, ओळीची कळ, खुणांचे आकडे, मेमरी नंतर. कारण १०० टक्क्यांच्या वर कुणी फारसं जातच नाही हेही तिथेच कळलं. २०० टक्क्यांवर मशीन बसायचं ते बहुतेक वेळा चाक चुकून फिरल्यामुळे. चाकाचं काम बदललं असतं तर निम्मी तक्रार त्याच दिवशी थांबली असती.

तुकड्यांसाठी स्वतःची स्क्रिप्ट लिहायची गरज नव्हती. व्हिप्सने तोच मनोरा एका टिफ फाइलीतही बांधता येतो, मग बॅकअपची रड संपते. विंडोज ७ वर बसवायचा त्रास टाळायला आम्ही ते सोडलं, पण तुकडे पाडायला एखादं नवं मशीन पुरलं असतं. वाचायची मशीन आणि तुकडे पाडायचं मशीन एकच असायचं कारण नाही.

आणि फिरवणं. पत्र संपत आलं की जागा पुरवायला लिहिणारे समासात आडवं लिहीत, क्वचित उलटंही. तीन आकड्यांच्या पायावर फिरवण्याला जागा नाही. तिथे सुरुवातीपासून मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता, घेतलं असतं तर झूम, सरक आणि फिरवणं एकाच गणितात बसलं असतं आणि उलटं रूपांतरही फुकट मिळालं असतं. सध्या ९०-९० अंशांत फिरवता येतं, कारण त्यात फक्त तुकड्यांचा क्रम आणि दिशा बदलते. स्कॅन करताना दोन-तीन अंश कललेले कागद तसेच आहेत. त्यांत एफ-२ ने ओळीच्या सुरुवातीला आलं तरी टोकाला जाईपर्यंत शिरोरेषा खिडकीत वर चढत जाते. काका ते चाकाने सावरून घेतात. पुढच्या आवृत्तीच्या यादीत ते पहिलं आहे.